सहा अप्रोच, एक लँडिंग: विमाननगरमधील एका सिम्युलेटर वर्गाचा अनुभव

पुण्याच्या विमाननगरमधील एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, खाली किराणा दुकान आणि वर योगवर्ग अशा जागी, सेस्ना १७२ या विमानाचा एक स्थिर सिम्युलेटर बसवलेला आहे. तेथे शनिवार आणि रविवार मिळून चार तासांचा एक वर्ग घेतला जातो आणि त्याचा विषय एकच असतो: उपकरणांच्या आधारे उतरताना धावपट्टी दिसली नाही, किंवा काही बिघडले, तर विमान पुन्हा वर कसे न्यायचे. वैमानिक याला 'मिस्ड अप्रोच' म्हणतात; 'अप्रोच' म्हणजे धावपट्टीकडे उतरत येणे. संस्थेचे नाव मी येथे देत नाही, कारण माझ्या तक्रारी मी त्यांना समोरासमोर सांगितल्या आहेत आणि त्यांतील दोन दुरुस्त करण्याचे त्यांनी कबूल केले आहे. अशा वर्गात पैसे घालण्यापूर्वी काय पाहावे, काय विचारावे, हे मात्र माझ्यासारख्या इतरांना कळावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी माझ्याविषयी थोडे सांगते. माझ्याकडे व्यावसायिक परवाना आहे, इन्स्ट्रुमेंट रेटिंगही (केवळ उपकरणांच्या आधारे उडवण्याची पात्रता) आहे, परंतु गेले आठ महिने मी कोणत्याही कॉकपिटमध्ये बसलेली नव्हते. विमान कंपन्यांच्या निवड चाचणीत सिम्युलेटरवर एक मिस्ड अप्रोच हमखास करायला लावतात, एवढ्या स्वार्थापोटी मी नाव नोंदवले. प्रशिक्षणात मी असे अप्रोच अनेकदा केले होते, पण निरभ्र आकाशात, बाहेरचे दिसू नये म्हणून डोळ्यांवर झापड लावून. ठरलेल्या उंचीवर प्रशिक्षक 'गो-अराउंड' (पुन्हा वर जा) म्हणायचे आणि मी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाच्या ताकदीचा दांडा, पुढे ढकलायची. निर्णय घेणारे ते असत आणि हात माझा असे. त्यात काही उणीव आहे, हे मला या वर्गात बसेपर्यंत जाणवलेही नव्हते.

शनिवारचा पहिला तास सिम्युलेटरवर नसतो. टेबलावर मुंबईच्या धावपट्टी २७ ची आयएलएस प्लेट (रेडिओ संकेतांच्या आधारे उतरण्याच्या मार्गाचा छापील नकाशा), एक पेन्सिल आणि समोर सर. सर हवाई दलातून निवृत्त झालेले आहेत, हळू बोलतात, आणि प्लेट खालून वर वाचायला लावतात. म्हणजे वारंवारता, दिशा, उतरण्याचा कोन हे सगळे नंतर. आधी मिस्ड अप्रोचचा मजकूर मोठ्याने वाचायचा, मग प्लेट उलटी ठेवून तो पाठ म्हणायचा, मग हाताने हवेत वळण काढून दाखवायचे. मला हा प्रकार सुरुवातीला शाळकरी वाटला. तिसऱ्यांदा म्हणताना मी वळणाची उंची चुकले, तेव्हा मात्र मी गप्प बसले.

या तासात ऐकलेले एक गणित माझ्या मनातून जात नाही. आयएलएसची घसरण साधारण ३ अंशांची असते. प्रथम श्रेणीच्या अप्रोचमध्ये निर्णयाची उंची, म्हणजे उतरायचे की वर जायचे ते ठरवण्याची उंची, धावपट्टीपासून २०० फुटांच्या खाली ठेवता येत नाही, आणि विमान धावपट्टीचा उंबरा, म्हणजे तिची सुरुवातीची कड, ओलांडते ते सुमारे ५० फुटांवरून. म्हणजे निर्णयाच्या क्षणी उंबरा अर्ध्या सागरी मैलाहूनही किंचित कमी अंतरावर, साधारण ८७० मीटरवर असतो. आमच्या सेस्नाच्या ९० नॉट (तासाला ९० सागरी मैल) वेगाला हे अंतर एकोणीस सेकंदांचे आहे. जेट विमानाला १४० नॉटने ते बारा सेकंदांत संपते. आता याच श्रेणीत धावपट्टीवरील दृश्यमानता ५५० मीटरपर्यंत चालते, हे त्याच्याशेजारी ठेवून पाहावे. ८७० मीटरवर उभे राहून ५५० मीटर दिसत असेल, तर त्या क्षणी धावपट्टी दिसण्याचा प्रश्नच येत नाही. दिसतात ते तिच्या अलीकडे मांडलेले अप्रोचचे दिवे, ज्यांची रांग पूर्ण स्वरूपात ९०० मीटर लांब असते. मी ही तिन्ही माहिती परीक्षेसाठी वेगवेगळी पाठ केली होती. ती एका कागदावर शेजारी शेजारी कोणी मांडून दाखवली नव्हती.

उरलेल्या शनिवारी सरांनी आणखी एक घोळ सोडवला. अचूक, म्हणजे उंचीचेही मार्गदर्शन देणाऱ्या, अप्रोचमध्ये निर्णयाची उंची असते. तेथे पोहोचल्यावर विमान वर न्यायचे ठरवले, तरी खाली येण्याचा वेग मोडेपर्यंत ते आणखी काही फूट खाली जाते, आणि हे खाली जाणे आखणीतच धरलेले असते. ज्या अप्रोचमध्ये उभे मार्गदर्शन नसते, तेथे मात्र किमान उतरण उंची असते आणि ती एका फुटानेही ओलांडायची नसते. शब्द जवळजवळ सारखेच, पण पहिल्यात तेथे पोहोचून ठरवायचे असते आणि दुसऱ्यात तेथे पोहोचण्याआधीच उतरण थांबवायची असते. वर जाताना विमानाने किमान किती चढावे याचाही हिशेब आहे: नेहमीच्या आखणीत हा चढ २.५ टक्के, म्हणजे दर सागरी मैलाला सुमारे १५२ फूट धरतात. आमच्या छोट्या विमानाला ७५ नॉटने हे मिनिटाला १९० फूट पडते, जे तंदुरुस्त इंजिनाला सहज जमते. डोंगरांजवळच्या विमानतळांच्या प्लेटवर याहून जास्त चढ मागितलेला असतो आणि तो बारीक अक्षरांत असतो. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्याने ती बारीक अक्षरे वाचायची सवय ठेवलेली बरी.

आता यंत्राविषयी. समोर तीन पडदे, जी-१००० या डिजिटल उपकरणफलकाची हुबेहूब मांडणी, खरे वाटावेत असे थ्रॉटल आणि फ्लॅपचे (पंखांमागच्या पट्ट्यांचे) दांडे. योक (विमानाचे सुकाणू) किंचित हलका आहे; खऱ्या सेस्नात अप्रोचसाठी नाक वर ट्रिम केलेले असताना पूर्ण ताकद दिली, की नाक असे उसळते की दोन्ही हातांनी पुढे दाबावे लागते, आणि येथे ते दोन बोटांनी भागते. शनिवारी उजवा पडदा दोनदा काळा झाला आणि योक नव्याने जुळवून घेण्यात चाळीस मिनिटे गेली. ही चाळीस मिनिटे बिलात धरली होती. मी विचारल्यावर रविवारी अर्धा तास वाढवून मिळाला. न विचारणाऱ्याला मिळतो का, ते ठाऊक नाही.

रविवारी सकाळी सहा अप्रोच झाले. त्यांपैकी कोणत्या वेळी धावपट्टी दिसेल आणि कोणत्या वेळी नाही, हे सर आधी सांगत नाहीत. मागे त्यांच्या टॅब्लेटवर ढगांची उंची आणि दृश्यमानता बदलण्याची सोय आहे आणि ते शेवटच्या मैलातही तिला हात लावतात. या वर्गाचे सगळे मोल माझ्या मते एवढ्या एका गोष्टीत आहे.

पहिला अप्रोच मी कागदावर छान केला असता. २०० फुटांवर समोर राखाडी भिंत होती. मी थ्रॉटल पूर्ण पुढे नेला, नाक सात-आठ अंश वर घेतले, आणि लगेच माइकचे बटण दाबून हवाई वाहतूक नियंत्रणाला (एटीसी) 'गोइंग अराउंड' म्हणू लागले. सरांनी मागून विचारले, "कुणाला सांगतेयस?" मी म्हणाले, "एटीसीला, सर." "विमान एटीसी उडवतंय का?" मी उंचीमापकाकडे पाहिले तर चढ सुरू झाला होता, पण फ्लॅप अजून दहा अंशांवरच होते आणि वेग ६५ पर्यंत घसरला होता. आधी विमान, मग दिशा, मग बोलणे, हा क्रम तोंडपाठ असूनही बोट आपोआप बटणाकडे गेले. आणखी एक गंमत पुढे घडली. मी हिरव्या सुईच्या मागे मागे डावीकडे वळू लागले, कारण ती एका बाजूला पळत होती. ती सुई लोकलायझरची, म्हणजे धावपट्टीची सरळ रेषा दाखवणाऱ्या रेडिओ संकेताची, होती. लोकलायझरचा अँटेना धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला असतो; जसजसे जवळ जावे तसतशी सुई नाजूक होत जाते आणि अँटेनाच्या माथ्यावर तिला काही अर्थच उरत नाही. तेव्हा सुईचा स्रोत बदलणारे सीडीआयचे बटण दाबून जीपीएसची जांभळी सुई आणायला हवी होती, आणि मिस्ड अप्रोचचा बिंदू (जिथून प्लेटवरचा वर जाण्याचा मार्ग सुरू होतो) ओलांडल्यावर पडद्यावर दिसणारे 'सस्पेंड' सोडवायला हवे होते, म्हणजे पुढचा मार्ग आपोआप सुरू झाला असता. ही दोन बटणे मी विसरले. सरांनी सिम्युलेटर थांबवला नाही. मी कुठे चालले आहे हे मला दिसेपर्यंत, म्हणजे सुमारे दीड मैल, मला जाऊ दिले.

दुसऱ्या वेळी दिवे दिसले. पांढऱ्या ठिपक्यांची एक अंधुक रांग, बस. मला धावपट्टी हवी होती, ती नव्हती, म्हणून मी वर गेले. आदल्या दिवशीचे ८७० आणि ५५० चे गणित माझ्याच वहीत माझ्याच अक्षरात होते. सर हसले नाहीत. त्यांनी एवढेच म्हटले, की यात धोका काही नव्हता, फक्त इंधन गेले. उलट्या चुकीत इंधन वाचते.

तिसऱ्या अप्रोचवर मला सर्वांत जास्त वेळ थांबायचे आहे, कारण ही चूक मी पूर्वी कधी केल्याचे मला माहीत नव्हते आणि बहुधा अनेकदा केली असावी. जमिनीपासून ९०० फुटांवर लोकलायझरची सुई टोकाला जाऊन चिकटली. मागून सरांनी आडवा वारा वाढवला होता. १,००० फुटांच्या खाली ढगात असताना विमान मार्गावर, योग्य वेगात आणि योग्य ठेवणीत नसेल तर अप्रोच सोडायचा, हा स्थिर अप्रोचचा नियम मला ठाऊक होता, आणि मी तो पाळला. ताकद, नाक, चढ, फ्लॅप, सगळे क्रमाने. मग प्लेटवर डावे वळण होते म्हणून मी डावीकडे वळले. येथे सरांनी प्रथमच सिम्युलेटर थांबवला. "हे वळण कुठून मोजलंय?" मिस्ड अप्रोचच्या बिंदूपासून. "आणि तू कुठे आहेस?" त्याच्या दोन मैल अलीकडे. प्लेट आखणाऱ्याने अडथळे तपासले आहेत ते त्या बिंदूनंतरच्या वळणासाठी. लवकर वर जायला हरकत नाही, लवकर चढायलाही हरकत नाही, पण वळण मात्र तो बिंदू ओलांडल्यावरच घ्यायचे. "तिथे टेकडी आहे की टॉवर आहे, ते आखणाऱ्याला माहीत आहे. तुला माहीत आहे का?" असे त्यांनी विचारले आणि नकाशा मोठा करून दाखवला. सिम्युलेटरमधल्या त्या जागी काही नव्हते, सपाट जमीन होती. तरीही माझ्या तळहाताला घाम आला होता.

चौथ्या वेळी दिवे दिसले, मग धावपट्टी दिसली आणि मी उतरले. त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. पाचव्या वेळी १,५०० फुटांवर सरांनी एटीसीच्या आवाजात हवेच्या दाबाचा नवा आकडा दिला; उंचीमापक याच आकड्यावरून उंची दाखवतो. एक हेक्टापास्कल म्हणजे सुमारे २८ फूट, आणि त्यांनी तब्बल सातचा फरक केला होता. मी तो आकडा म्हणून दाखवला, पण उंचीमापकात घातला नाही. सुमारे २०० फुटांची चूक, आणि निर्णयाची उंची २०० फूट. हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

सहाव्या अप्रोचला निर्णयाच्या उंचीवर काहीही दिसत नव्हते. थ्रॉटल पुढे गेला, नाक उठू लागले, आणि त्याच क्षणी खाली डाव्या कोपऱ्यात अख्खी दिव्यांची रांग आणि धावपट्टीचा उंबरा लख्ख उघडला. माझा हात अर्ध्यावर थांबला. फार तर एक सेकंद. मग मी ताकद पूर्ण दिली आणि वर गेले. सर मागे काही बोलले नाहीत. त्यांनी नंतर पडद्यावर नोंद दाखवली. त्या एका सेकंदात ताकद अर्धवट होती, नाक वर होते आणि वेग सहा नॉटने खाली आला होता. एकदा वर जायचे ठरले, की पुन्हा विचार बदलायचा नसतो, हे वाक्य मी डझनभर पुस्तकांत वाचले आहे. तो थांबलेला हात मात्र आलेखावर प्रथमच पाहिला.

याच संदर्भात सरांनी कोळिकोडच्या ७ ऑगस्ट २०२० च्या अपघाताचा उल्लेख केला. दुबईहून आलेल्या त्या विमानाने पहिला अप्रोच सोडून दिला होता. दुसऱ्या वेळी ते विरुद्ध बाजूच्या धावपट्टीवर, मागून वारा असताना, निम्म्या धावपट्टीच्या आसपास टेकले आणि पुढे टेकाडावरून खाली गेले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण मृत्युमुखी पडले. सहवैमानिकाने 'गो-अराउंड' म्हटल्याची नोंद तपास अहवालात आहे. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासानुसार अस्थिर अप्रोचपैकी जेमतेम ३ टक्के अप्रोच सोडले जातात; बाकीचे तसेच पुढे रेटले जातात आणि बहुतेक सुखरूप उतरतातही, त्यामुळेच ती सवय मोडत नाही. पावसाळ्यात आपले विमान शेवटच्या क्षणी पुन्हा वर गेले, की पुण्याचे प्रवासी वैतागतात, मोबाइल चालू करतात आणि उशिराबद्दल तक्रार लिहितात. मीही प्रवासी म्हणून हे केलेले आहे.

यंत्राच्या एका मर्यादेबाबत संस्थेने अधिक स्पष्ट बोलायला हवे. हा सिम्युलेटर हलत नाही. ढगात पूर्ण ताकद दिल्यावर शरीर मागे दाबले जाते आणि कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा त्या दाबाला 'नाक फार वर गेले' असे समजते. वैमानिक नकळत नाक खाली दाबतो. २३ ऑगस्ट २००० रोजी बहारीनला गल्फ एअरचे ए-३२० रात्री गो-अराउंड करताना समुद्रात गेले आणि १४३ जण दगावले; तपासात याच भ्रमाचा उल्लेख आहे. मिस्ड अप्रोचमधला सर्वांत घातक भाग हाच, आणि स्थिर खुर्चीत तो अनुभवता येत नाही. सरांनी तोंडी समजावले, पुन्हा पुन्हा कृत्रिम क्षितिजाकडे (नाक वर आहे की खाली ते दाखवणाऱ्या उपकरणाकडे) बोट दाखवले. "बाहेर बघू नकोस, आत बघ. पोटातलं ऐकू नकोस." पण जाहिरातीत 'खऱ्या विमानाचा पूर्ण अनुभव' असे शब्द आहेत आणि ते काढून टाकावेत, असे मी त्यांना सांगितले आहे.

दुसरी तक्रार नोंदीविषयी. आपल्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी ४० तास लागतात आणि त्यांतील जास्तीत जास्त २० तास सिम्युलेटरवरचे चालतात, परंतु तो सिम्युलेटर मान्यताप्राप्त असावा लागतो. हा तसा नाही. येथील एकही मिनिट लॉगबुकात जमा होत नाही. माझे रेटिंग आधीच झाले असल्याने मला फरक पडला नाही, पण माझ्यासोबत आलेला विद्यार्थी तास भरण्याच्या आशेने आला होता, आणि ही बाब त्याला पैसे भरल्यानंतर, पावतीच्या मागच्या बाजूला सापडली.

तिसरी तक्रार मला सर्वांत गंभीर वाटते. दिशादर्शनाची माहिती दर २८ दिवसांनी अद्ययावत होते; या यंत्रातील माहिती बरीच जुनी होती. टेबलावरची प्लेट आणि पडद्यावरचा मिस्ड अप्रोचचा मार्ग यांत एका बिंदूचे नावच जुळत नव्हते. सरांनी त्यावरही शिकवले, की कागद आणि पडदा जुळत नसतील तर उड्डाणापूर्वीच थांबायचे. शिकवण चांगली, पण ती देण्यासाठी यंत्र जुने ठेवण्याची गरज नाही. ही गोष्ट दुरुस्त करण्याचे त्यांनी कबूल केले आहे. शेजारच्या खोलीत लहान मुलांसाठी वाढदिवसाच्या 'पायलट फेऱ्या' चालतात आणि भिंत पातळ आहे. निर्णयाच्या उंचीवर 'हॅपी बर्थडे' ऐकू येणे हा लक्ष विचलित करण्याचा सराव समजावा, असे सर म्हणाले. मला ते पटले नाही.

शुल्क तासाला ४,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. चार तासांचे एकवीस हजारांच्या पुढे जातात. नुकतेच इन्स्ट्रुमेंटचे प्रशिक्षण सुरू केलेल्याने येथे जाऊ नये. त्याचे पैसे खऱ्या तासांवर खर्च व्हावेत. रेटिंग होऊन काही महिने रिकामे गेले असतील, किंवा निवड चाचणी समोर असेल, तर मात्र जावे. नोंदणी करताना तीन गोष्टी विचाराव्यात: शिकवायला कोण असणार, माहितीचा संच किती जुना आहे, आणि हवामान आधी सांगणार का. शेवटच्या प्रश्नाला 'हो, सांगू' असे उत्तर आले, तर फोन ठेवून द्यावा. त्या संस्थेत दुसरेही एक प्रशिक्षक आहेत, सौजन्यशील आणि तरुण. त्यांच्याकडे शिकलेल्या माझ्या मैत्रिणीला सहाही वेळा आधी सांगितले गेले होते, आणि तिच्या सहाही मिस्ड अप्रोचना पूर्ण गुण मिळाले.

मी पुढच्या महिन्यातील दुसरा रविवार घेतला आहे, सकाळी साडेसातचा, म्हणजे वाढदिवस सुरू होण्याआधीचा. सरांना एकच विनंती केली आहे, की सहाव्या अप्रोचसारखी धावपट्टी पुन्हा उघडावी, पण कितव्या वेळी ते सांगू नये.